एडीएचडी : सामर्थ्य, विकार आणि औषध

चौलमधील दोन कामे

अलिबाग तालुक्यात कुंडलिकेच्या खाडीमुखाशी चौल आणि रेवदंडा ही गावे एकमेकांना लागून वसली आहेत. आतल्या बाजूला नारळ-पोफळीच्या वाड्या आणि पाण्याच्या काठाला कोळीवस्ती. वाडीतील काम पुनरावृत्तीचे आहे. ठरलेल्या दिवशी शिंपणे, आळी साफ करणे, सुपारी उतरवणे, सुकवणे, सोलणे आणि तिची प्रतवारी लावणे, असा तो क्रम असतो. पोफळ लावल्यापासून पहिले पीक येईपर्यंत पाच ते सात वर्षे जातात. मासेमारीचे वेळापत्रक मात्र भरती-ओहोटी ठरवते आणि ते दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. वारा, पाण्याचा ओढा आणि जाळ्यात येणारी मासळी पाहून तिथे निर्णय क्षणात बदलावे लागतात. दोन्ही कामांना लक्ष लागते, पण ते एकाच प्रकारचे नसते. शाळेतील बाक तर तिसऱ्याच प्रकारचे लक्ष मागतो: स्थिर बसून, दुसऱ्याने ठरवलेल्या विषयावर, फळ कधी मिळेल हे माहीत नसताना दिलेले. एडीएचडीला सामर्थ्य म्हणावे की विकार, या वादाची पाळेमुळे या फरकात आहेत.

व्याख्या

एडीएचडी म्हणजे अवधान-न्यूनता आणि अतिचंचलता विकार. हा मेंदूच्या विकासाशी संबंधित विकार असून तो बालपणी सुरू होतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डीएसएम-५’ या अमेरिकी निदानपुस्तिकेत अनवधानाची नऊ आणि अतिचंचलता-उतावळेपणाची नऊ लक्षणे दिली आहेत. एखाद्या गटातील किमान सहा लक्षणे सहा महिने टिकलेली असावीत. सतराव्या वर्षापासून पुढे पाच पुरतात. काही लक्षणे बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावीत, ती दोन किंवा अधिक ठिकाणी, म्हणजे उदाहरणार्थ घरी आणि शाळेतही, आढळावीत आणि त्यांमुळे रोजच्या जगण्यात स्पष्ट अडथळा येत असावा.

शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे. पायाला भिंगरी असलेले प्रत्येक मूल रुग्ण नसते. उलट वर्गात शांत बसून खिडकीबाहेर पाहणारी, वह्या हरवणारी, सांगितलेले अर्ध्यावर विसरणारी मुलगी कोणालाही त्रास देत नाही, म्हणून निदानाबाहेर राहते. मुलींमध्ये अनवधानप्रधान स्वरूप अधिक दुर्लक्षित राहते, हे अनेक देशांत दिसून आले आहे.

प्रमाण

जगभरातील अभ्यासांचा एकत्रित अंदाज मुलांमध्ये सुमारे ५ टक्के आणि प्रौढांमध्ये सुमारे २.५ टक्के असा आहे. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात सरासरी दोन. भारतातील आकडे ठिकाणागणिक आणि पद्धतीगणिक बदलतात. कोइम्बतूरमधील प्राथमिक शाळांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हे प्रमाण ११ टक्क्यांहून थोडे अधिक निघाले. कोकणपट्टीला जवळचा अभ्यास ‘इन्क्लेन’ या संशोधनजाळ्याचा आहे. देशातील पाच ठिकाणच्या २ ते ९ वर्षांच्या सुमारे ४,००० मुलांची त्यात मेंदू-विकासाच्या विकारांसाठी तपासणी झाली आणि त्या पाचांत उत्तर गोवा जिल्हा होता. या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. शिक्षकांनी भरलेल्या प्रश्नावलीवर थांबणाऱ्या पाहणीत प्रमाण मोठे दिसते आणि पुढे वैद्यकीय मुलाखत घेतली की ते घटते, हे असे आकडे वाचताना लक्षात ठेवावे लागते.

मेंदूतील यंत्रणा

कपाळामागील मेंदूचा भाग नियोजन, संयम आणि तात्पुरती स्मृती सांभाळतो. मेंदूच्या खोल भागातील केंद्रांशी त्याचा सतत संवाद चालतो आणि त्यात डोपामिन व नॉरॲड्रेनालिन ही दोन रसायने मोलाची असतात. एडीएचडीत हा संवाद अनियमित असतो. त्यामुळे लक्ष मुळात नसते असे नाही. ते हवे तेव्हा हव्या गोष्टीवर नेता येत नाही. आवडीच्या कामात तेच मूल तासन्‌तास बुडून जाते. पालक ‘खेळात लक्ष लागते, मग अभ्यासातच कसे लागत नाही?’ असे विचारतात, त्याचे उत्तर या यंत्रणेत आहे. आळस हे ते उत्तर नव्हे.

२००७ साली फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या प्रतिमांचा अभ्यास करून दाखवले की, इतर मुलांत मेंदूच्या बाह्यावरणाची जाडी साधारण साडेसात वर्षांच्या सुमारास जो टप्पा गाठते, तो एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहाच्या सुमारास येतो. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के निघतो. मात्र कारणीभूत असे एकच जनुक नाही. शेकडो-हजारो जनुकीय फरकांचा अल्प-अल्प परिणाम एकत्र येतो. म्हणूनच ‘बाबाही लहानपणी असेच होते’ हे घरातले वाक्य निदानाच्या खोलीत उपयोगी माहिती ठरते.

नावाचा प्रवास

१७९८ साली अलेक्झांडर क्रिच्टन या स्कॉटिश वैद्याने टिकत नसलेल्या अवधानाचे वर्णन केले. १९०२ मध्ये लंडनमध्ये जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्याने दिली. १९६८ च्या ‘डीएसएम-२’ मध्ये भर अतिचंचलतेवर होता, १९८० मध्ये तो अवधानावर आला आणि १९८७ मध्ये आजचे नाव रूढ झाले. नाव बदलले तसे कोणते मूल नजरेत भरते हेही बदलत गेले.

सामर्थ्याचा दावा

एडीएचडीकडे केवळ उणीव म्हणून पाहू नये, हा विचार १९९० च्या दशकात जोमाने पुढे आला. थॉम हार्टमन यांनी १९९३ च्या पुस्तकात असे मांडले की, शिकारीच्या जीवनाला उपयुक्त असलेला स्वभाव शेतीप्रधान आणि पुढे कार्यालयप्रधान समाजात अडचणीचा ठरला. पुढच्याच वर्षी एडवर्ड हॅलोवेल आणि जॉन रॅटी या दोन मनोविकारतज्ज्ञांचे पुस्तक आले. त्यात रुग्णांच्या उत्साहाला, कल्पकतेला आणि धडाडीला उपचाराइतकेच स्थान होते. त्याच दशकाच्या अखेरीस ‘मेंदू-वैविध्य’ ही संकल्पना रुजली: माणसांचे मेंदू एका साच्यातले नसतात आणि प्रत्येक फरक म्हणजे बिघाड नव्हे.

या विचाराला आधार देणारे काही पुरावे आहेत. हॉली व्हाइट आणि प्रीती शाह यांच्या अभ्यासांत एडीएचडी असलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी एका प्रश्नाला अनेक वेगळी उत्तरे शोधण्यात सरस कामगिरी केली. २००८ साली उत्तर केनियातील आरियाल समाजाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एडीएचडीशी जोडल्या गेलेल्या डोपामिन-ग्राहकाच्या एका जनुकरूपाचे पुरुष भटक्या गटात अधिक सुपोषित आढळले. स्थायिक झालेल्या गटात मात्र तेच जनुकरूप असलेल्यांचे पोषण इतरांपेक्षा कमी भरले. जनुक तेच, परिस्थिती बदलली आणि परिणाम उलटला. २०२४ साली ४५७ जणांवर झालेल्या संगणकीय प्रयोगात सहभागींना झुडपांवरील फळे गोळा करायची होती. एडीएचडीसारखी लक्षणे अधिक असलेल्यांनी ओसरू लागलेले झुडूप लवकर सोडले आणि सरासरीने अधिक फळे जमवली.

चौलच्या संदर्भात हा विचार लगेच पटण्याजोगा वाटतो. ओढ्याचा बदल टिपणारा, चार दिशांना नजर असणारा, संकटात न गोठणारा माणूस होडीवर हवाच. पण कोळी व्यवसायातही जाळी दुरुस्त करण्याचे तासन्‌तास चालणारे काम आहे, भरतीची वाट पाहणे आहे, डिझेलचा आणि बर्फाचा हिशेब आहे. शिवाय समुद्रावर उतावळेपणाची किंमत वर्गापेक्षा मोठी असते. म्हणून ‘हा मुलगा शाळेत नाही, दर्यावर चमकेल’ असे ठरवून मोकळे होणे त्या मुलावर अन्याय आहे. त्याने दर्या निवडावा, पण शाळा न जमल्यामुळे त्याच्याकडे ढकलला जाऊ नये.

दाव्याच्या मर्यादा

वरील पुराव्यांकडे बारकाईने पाहिले की सावधगिरी आवश्यक वाटते. फळे जमवण्याच्या प्रयोगात निदान झालेले रुग्ण निवडले नव्हते, स्वतः भरलेली प्रश्नावली होती. केनियातील अभ्यास एका जनुकरूपाचा होता. जनुकरूप म्हणजे विकार नव्हे. कल्पकतेच्या अभ्यासांतील विद्यार्थी महाविद्यालयापर्यंत पोहोचलेले होते. ज्यांची शाळाच सुटली ते त्या नमुन्यात नव्हते. एकूण चित्र असे की सौम्य प्रमाणातील लक्षणे कल्पकतेला पूरक ठरतात, असे म्हणण्यास आधार बरा आहे. लक्षणे तीव्र झाली की तो आधार विरळ होतो.

दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. सुमारे १९ लाख व्यक्तींच्या नोंदींवर आधारित २०१५ च्या डॅनिश अभ्यासात एडीएचडी असलेल्यांचा मृत्युदर इतरांच्या सुमारे दुप्पट आढळला आणि त्यात अपघातांचा वाटा मोठा होता. शिक्षण अर्धवट राहणे, नोकरी न टिकणे, व्यसन आणि नैराश्य यांचे प्रमाणही या गटात अधिक असते. या स्थितीला सरसकट ‘देणगी’ म्हणणाऱ्या भाषणांत ही माणसे दिसत नाहीत, आणि मदतीची सर्वाधिक गरज त्यांनाच असते.

इतिहासातील व्यक्तींवर निदान चिकटवण्याची हौसही टाळावी. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९ साली चौल बंदरात उतरला आणि पुढे दख्खनभर फिरला; रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. अशा साहसी प्रवाशांना एडीएचडी असावा, असे लिहिणे सोपे असते. त्याला आधार काही नसतो. भटकंतीची ओढ हे लक्षणांच्या यादीत नाही, आणि निकितिनने प्रवासाचा तपशीलवार वृत्तान्त लिहून ठेवला, ही तर चिकाटीची खूण आहे.

सामर्थ्य व्यक्तीचे असते, विकाराचे नव्हे. मुलाचा विनोद, धीटपणा, माया, हाताचे कसब ही त्याची स्वतःची मिळकत आहे. ती ओळखणे आणि त्याच्या अडचणीवर उपचार करणे यांत विरोध मानण्याचे कारण नाही.

औषध कसे काम करते

१९३७ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली यांनी मुलांना डोकेदुखीसाठी बेंझेड्रिन हे उत्तेजक दिले. डोकेदुखी फारशी गेली नाही, पण अभ्यासातील बदल इतका ठळक होता की तोच नोंदीचा विषय बनला. १९४४ मध्ये सिबा कंपनीतील लिआन्द्रो पानिझोन यांनी मेथिलफेनिडेट तयार केले आणि पत्नी रीटा हिच्या नावावरून त्याचे ‘रिटालिन’ झाले. आज भारतात या विकारासाठी मुख्यतः हेच उत्तेजक वापरले जाते.

मेथिलफेनिडेट मज्जापेशींमधील फटीतून डोपामिन आणि नॉरॲड्रेनालिन परत शोषले जाण्यास अडथळा करते. ही रसायने थोडा अधिक काळ उपलब्ध राहतात आणि कपाळामागील भागाचा संवाद सुधारतो. साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास राहतो, दीर्घपरिणामी गोळीचा आठ ते बारा तास. परिणाम ओसरला की लक्षणे परततात. औषध विकार ‘बरा’ करत नाही. ॲटोमॉक्सेटिन हे उत्तेजक नसलेले औषध नॉरॲड्रेनालिनवर काम करते आणि त्याचा पूर्ण परिणाम दिसायला कित्येक आठवडे लागतात. ज्यांना उत्तेजक सोसत नाही किंवा व्यसनाचा धोका आहे, त्यांच्यासाठी ते उपयोगी पडते.

भूक मंदावणे, झोप उशिरा लागणे, पोटदुखी, डोकेदुखी, नाडी आणि रक्तदाब किंचित वाढणे हे उत्तेजकांचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. दीर्घकाळ सातत्याने घेतल्यास उंची एक-दोन सेंटिमीटरने कमी भरू शकते. म्हणून औषध चालू असेपर्यंत वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब नियमित मोजावे लागतात. मूल निस्तेज, अबोल दिसू लागले तर बहुतेक वेळा मात्रा अधिक झालेली असते किंवा औषध त्याला मानवलेले नसते. शांत झाले म्हणून ते चालू ठेवणे चूक आहे.

वादाचा गाभा

औषधाचे समर्थक अल्पकालीन परिणामावर बोट ठेवतात. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त प्रसिद्ध झालेल्या मोठ्या तुलनात्मक विश्लेषणाने परिणाम आणि सुसह्यता यांचा एकत्र विचार करून मुलांसाठी मेथिलफेनिडेटला पहिली पसंती दिली. २०२४ च्या एका स्वीडिश अभ्यासात सुमारे दीड लाख रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. निदानानंतर लवकर औषध सुरू केलेल्यांमध्ये दोन वर्षांतील मृत्युदर, विशेषतः अपघात आणि तत्सम अनैसर्गिक कारणांचा, कमी आढळला.

आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणेही पोकळ नाही. कॉक्रेन संस्थेच्या परीक्षणांनी मेथिलफेनिडेटचा लाभ मान्य केला, पण मूळ प्रयोगांतील पुराव्याची खात्री अत्यंत कमी असल्याचे नोंदवले. अमेरिकेतील ‘एमटीए’ हा ५७९ मुलांचा प्रयोग दोन्ही बाजू उद्धृत करतात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात चौदा महिन्यांअखेर काटेकोर औषधोपचाराचा गट लक्षणांबाबत केवळ वर्तनोपचाराच्या पुढे होता. तीन वर्षांनी गटांतील फरक विरून गेला होता. याचे एक स्पष्टीकरण असे की चौदा महिन्यांनंतर काटेकोर देखरेख थांबली आणि गट आपापल्या मार्गाने गेले. दुसरे असे की औषधाचा लाभ खरोखरच कालांतराने घटतो. दोन्हींत तथ्य असण्याची शक्यता आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मेथिलफेनिडेटला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेण्याची विनंती २०१९ आणि २०२१ अशी दोनदा नाकारली, त्यामागेही दीर्घकालीन पुराव्याची उणीव होती.

व्यसन लागेल ही भीती घराघरांत ऐकू येते. सांगितल्या मात्रेत तोंडाने घेतलेले औषध मेंदूत हळू पोहोचते. बालपणी उत्तेजक घेतलेल्यांत पुढे व्यसनाचे प्रमाण वाढत नाही, असे २०१३ च्या एकत्रित विश्लेषणात दिसले. गैरवापराची शक्यता मात्र खरी आहे, म्हणूनच १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात मेथिलफेनिडेटचा समावेश आहे आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही.

दोन खेळाडूंची उदाहरणे या वादात वारंवार येतात. जलतरणपटू मायकेल फेल्प्स यांचे निदान नवव्या वर्षी झाले. त्यांनी काही वर्षे औषध घेतले आणि नंतर थांबवले. जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स यांनी २०१६ साली जाहीरपणे सांगितले की त्या लहानपणापासून औषध घेतात, आणि तेही नियमानुसार परवानगी घेऊन. दोघेही ऑलिंपिक विजेते आहेत. एकाच्या निवडीने दुसऱ्याची निवड खोटी ठरत नाही. प्रश्न अडथळ्याच्या तीव्रतेचा आहे. वय लहान आणि अडथळा सौम्य असेल तर पालक-प्रशिक्षण आणि शाळेतील बदल आधी. अडथळा तीव्र असेल आणि या बदलांनंतरही टिकत असेल तर औषध. ब्रिटनच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांचा रोख असाच आहे आणि तो रास्त आहे.

डिसेंबरात जन्मलेली मुले

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळाप्रवेशाच्या वयाची तारीख ३१ डिसेंबर आहे. तिथल्या नऊ लाखांहून अधिक मुलांच्या २०१२ च्या अभ्यासात डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांमध्ये एडीएचडीचे निदान, त्याच वर्गातील जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी अधिक होते; मुलींमध्ये हा फरक सुमारे ७० टक्के होता. जन्माचा महिना मेंदू बदलत नाही. वर्गात वयाने सर्वांत लहान असलेल्या मुलाचा पोरकटपणा विकार समजला गेला होता.

महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठीही आता ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण होणे ग्राह्य धरले जाते. म्हणजे जूनमध्ये एकाच बाकावर साडेपाच वर्षांचे आणि जवळजवळ साडेसहा वर्षांचे मूल बसते. त्यामुळे पहिली-दुसरीतील तक्रारीत जन्मतारीख तपासणे ही निदानाची पहिली पायरी मानायला हवी. श्रवणदोष, दृष्टिदोष, रक्तक्षय, अपुरी झोप, अपस्माराचे सूक्ष्म झटके आणि घरातील ताण यांमुळेही लक्ष उडते. तेही आधी पाहावे लागते.

औषधाव्यतिरिक्त

पालक-प्रशिक्षणात सूचना छोटी ठेवणे, एका वेळी एकच काम सांगणे, चांगल्या वर्तनाची दखल लगेच घेणे आणि शिक्षा आटोक्यात ठेवणे यांवर भर असतो. वर्गात पुढच्या बाकावर जागा, कामाचे तुकडे आणि मध्ये उठून फळा पुसण्यासारखे काम यांचा उपयोग होतो. खर्च जवळजवळ शून्य असलेले हे बदल सर्वांत आधी व्हायला हवेत आणि सहसा सर्वांत शेवटी होतात.

कायदा आणि परीक्षा

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता आहेत. एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. राज्यात अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्याची सुरुवात १९९० च्या दशकात झाली आणि प्रमाणपत्रांसाठी मुंबईच्या शीव रुग्णालयातील चिकित्सालय हे महत्त्वाचे केंद्र बनले. तिथल्याच डॉ. सुनील करंदे आणि सहकाऱ्यांनी २००७ साली अध्ययन अक्षमता आणि एडीएचडी दोन्ही असलेल्या ५० मुलांचा अभ्यास मांडला. निदानाच्या वेळी त्यांचे सरासरी वय अकरा वर्षांच्या पुढे होते, म्हणजे प्राथमिक शाळा संपल्यानंतर.

रायगडमधील वाट

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्ये झाली. त्यात तपासायच्या ३० स्थितींच्या यादीत एडीएचडी आणि अध्ययन विकार दोन्ही आहेत. फिरते आरोग्य पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा येते. संशयित मुलाला जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचे असते. चौलच्या मुलासाठी पहिली सरकारी पायरी हीच आहे आणि पुढची अलिबागला. त्यापलीकडचे विशेष उपचार मुंबई-ठाण्यात एकवटले आहेत: २००१ साली सुरू झालेले मुंबईतील ‘उम्मीद’ बालविकास केंद्र किंवा डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापलेली मानसिक आरोग्य संस्था. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे.

वर्षातून एकदा येणाऱ्या पथकाला काही मिनिटांत अनवधान दिसणार नाही. ते वर्गशिक्षकाला वर्षभर दिसत असते. तपासणीच्या दिवशी शिक्षकाची लेखी नोंद, मुलाची जन्मतारीख आणि त्याला काय चांगले जमते याच्या दोन ओळी प्रत्येक शाळेने पथकाच्या हाती द्याव्यात. याला नवा निधी किंवा नवा शासननिर्णय लागत नाही, आणि येत्या तपासणीपासून ते सुरू करता येईल.